छावणीतली चूल आणि ‘तूर्त’चं गणित

निर्वासितांच्या छावणीत कायमची वीज न्यायची म्हटलं, की एक आक्षेप हमखास येतो. आज ना उद्या परत जाणारी माणसं ही, त्यांच्यासाठी सौरप्रकल्प कशाला? कंदील द्या, लाकूडफाटा द्या, तूर्त भागेल. ऐकायला हे मोठं व्यवहारी वाटतं. पण हा अंदाज खरा ठरलेली छावणी शोधायला निघालं तर बरंच फिरावं लागेल. केनियातलं काकुमा १९९२ पासून आहे, दादाब त्याच्याही आदल्या वर्षीपासून. अल्जीरियात टिंडुफजवळ साहरावी निर्वासितांच्या वस्त्या १९७५ पासून आहेत. फार लांब कशाला, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची ‘तूर्त’ सोय केली, तिचं उल्हासनगर झालं. रिक्षावाले अजूनही पत्ता कॅम्प नंबरनेच विचारतात.

बरं, माणसं खरंच परत गेली तर? जॉर्डनच्या वाळवंटातली अझ्राक छावणी २०१४ मध्ये सीरियन निर्वासितांसाठी उघडली. पहिली दोन-अडीच वर्षं तिथल्या घरांत वीज नव्हती. पत्र्याच्या खोल्या, वर उन्हाळा, ना पंखा ना फ्रीज. रात्री शौचालयाकडे जायचं तर अंधारात चाचपडत. मे २०१७ मध्ये तिथे २ मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला. निर्वासितांच्या छावणीतला असा हा पहिलाच, आणि तो उभारताना छावणीतल्याच काही जणांना प्रशिक्षण आणि रोजगार मिळाला. खर्च सुमारे ८७ लाख ५० हजार युरो. त्यातून वर्षाला १५ लाख डॉलर वाचतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचा अंदाज होता. म्हणजे सहा-सात वर्षांत पैसे वसूल; पॅनेलं मात्र वीसेक वर्षं सहज चालतात.

डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची राजवट कोसळली आणि सीरियन कुटुंबं परतू लागली. छावणी उद्या रिकामी झाली तरी पॅनेलं काही कोणी गाठोड्यात बांधून दमास्कसला नेणार नाही. प्रकल्प जॉर्डनच्या वीजजाळ्याला जोडलेला आहे, आणि ज्या देशाला बहुतेक इंधन बाहेरून आणावं लागतं त्याला ही वीज नकोशी होईल, असं संभवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेजारच्या गावात अंधार असताना परक्यांना उजेड का? हा राग खोटा नाही. त्यावर उपदेश करणाऱ्यांनी आधी बांगलादेशातल्या उखिया आणि टेकनाफची गोष्ट पाहावी. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या तिथे आले. बांबू आणि ताडपत्रीच्या खोपट्यांत चुली पेटल्या, आणि टेकड्या बोडक्या होत गेल्या. दिवसाला सुमारे ७०० टन सरपण जळत होतं. झाडं संपली तशी माणसं मुळं खणू लागली. मग पावसात टेकड्यांची माती सुटायला लागली. आजूबाजूच्या गावांची चूलही याच जंगलावर चालत होती. म्हणजे निर्वासितांना इंधन न दिल्याने स्थानिकांचं काही वाचलं नाही, उलट त्यांच्या वाट्याचंही गेलं.

२०१८ पासून छावणीत गॅस वाटायला सुरुवात झाली आणि स्थानिक कुटुंबांनाही त्यात घेतलं. घरात माणसं किती, यावर पुढच्या सिलिंडरची तारीख ठरते. पुढे झालेल्या पाहणीत रोहिंग्यांची सरपणाची मागणी सुमारे ८० टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. उघड्या टेकड्यांवर पुन्हा झाडं लावता आली, ती त्यामुळेच.

‘स्थानिक’ म्हणजे एकाच हिताची माणसं, हाही भाबडेपणाच. काकुमाभोवतीच्या तुर्काना जमातीच्या बायका छावणीत सरपण आणि कोळसा विकून चार पैसे मिळवतात. तिथे स्वच्छ इंधन पोचलं की या बायकांचं गिऱ्हाईक जातं. त्यांच्यासाठी दुसरा धंदा उभा न करता शेगड्या वाटणाऱ्यांना गावात शिव्या पडल्या, तर दोष गावाचा नाही.

‘निर्वासित पैसे कुठून देणार?’ याचं उत्तरही काकुमातच मिळतं. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार तिथली बाजारपेठ वर्षाला सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलरची आहे आणि दुकानं दोन हजारांवर. डिझेल जनरेटर असलेला दुकानदार शेजाऱ्यांना वायर ओढून वीज विकतो, आणि घेणारे ती घेतात. पैसे मोजले जातातच, फक्त धुराचे आणि चढ्या दराचे. जवळच्या कालोबेयेई वस्तीत लघु सौरजाळ्याची वीज विकत घेणारी कुटुंबंही आहेत. सगळ्यांनाच हे झेपणार नाही, हे कबूल; विधवेला, म्हाताऱ्याला सवलत द्यावीच लागेल. पण ती तर आपल्याकडेही द्यावी लागते.

राहिला पर्यावरणवाद्यांचा टोमणा: गॅस कुठे हरित आहे? नाहीच. शिवाय तो दर महिन्याला विकत आणावा लागतो. जुलै २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इशारा दिला, की निधी आला नाही तर कॉक्स बझार जिल्ह्यातल्या याच रोहिंग्या छावण्यांमधला स्वयंपाकाचा गॅस संपेल. तसं झालं तर माणसं कोयते घेऊन पुन्हा त्याच टेकड्यांवर जातील, आणि नव्याने लावलेली झाडं आता सरपणाला पुरतील एवढी झाली आहेत. २०१८ मध्ये गॅस हाच शहाणपणाचा पर्याय होता. पण वर्षावर्षाच्या वर्गणीवर दहा लाख माणसांची चूल चालवणं म्हणजे पुन्हा ‘तूर्त’चंच राज्य. देणगीदार देशांनी इंधनाचा निधी निदान पाच वर्षांसाठी बांधून द्यावा, त्यातला ठरलेला वाटा विजेवरच्या शेगड्या आणि त्यांना लागणाऱ्या सौरविजेसाठी राखावा, आणि उखिया-टेकनाफच्या गावांचा हिस्सा पहिल्याच करारात लिहून ठेवावा.