बोजा आमच्या सातबाऱ्यावर, फ्लॅट स्वॅलोफील्डात



विलायतेत रेडिंग शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर स्वॅलोफील्ड पार्क नावाचा एक जुना वाडा आहे. 1689 च्या सुमारास एका उमरावाने तो बांधून घेतला. आज तिथे उमराव राहत नाही. 1960 च्या दशकात वाड्याचे फ्लॅट पाडले गेले. ज्या संस्थेने ते पाडले ती पुढे 2003 च्या सुमारास बुडाली आणि वाडा दुसऱ्या कंपनीकडे गेला. आता असे फ्लॅट विकले जातात : नव्याने दुरुस्त केलेला, उंच छताचा, मोठ्या खिडक्यांचा, सामाईक बागेचा. आणि वर एक शब्द, 'ऐतिहासिक'. या एका शब्दाला बाजारात जो भाव मिळतो तो आमच्या कापसाच्या अख्ख्या गाडीला मिळत नाही.

या फ्लॅटशी आमचे काय देणेघेणे, असे तुम्ही विचाराल. देणे होते. घेणे कधी लागलेच नाही.

या वाड्याचा एक मालक टॉमस पिट. हा 1698 ते 1709 मद्रासचा गव्हर्नर होता. गोवळकोंड्याच्या खाणीतला एक मोठा हिरा त्याने सुमारे 20 हजार पौंडांना घेतला आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या राजदरबाराला 1 लाख 35 हजार पौंडांना विकला. त्यानंतर हा वाडा त्याच्याकडे आला. त्याचा नातू आणि पणतू दोघेही इंग्लंडचे पंतप्रधान झाले. हिऱ्याची गोष्ट चमकदार आहे, म्हणून ती सगळे सांगतात. आम्हाला सांगायची आहे ती पुढच्या मालकांची.

1820 मध्ये वाडा सर हेन्री रसेल याने विकत घेतला. हा कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश होता. त्याचा मुलगा, त्याचेही नाव हेन्री, 1811 पासून 1820 पर्यंत हैदराबादेत निजामाच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. बापाच्या मागे वाडा त्याच्याकडे आला. वाड्याची प्रत्येक वीट वऱ्हाड-मराठवाड्याच्या घामाची, असे आम्ही म्हणणार नाही. बापलेकांची कमाई मात्र हिंदुस्थानातली होती, आणि लेकाची हैदराबादेतली. तेव्हा वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही निजामाच्या राज्यात होते.

या धाकट्या रसेलने 1813 च्या सुमारास निजामाच्या खर्चाने एक फौज उभी केली. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. लोक तिला 'रसेल ब्रिगेड' म्हणत. खजिन्यात पैसा नसे, पण फौजेचा पगार थांबून चालत नसे. मग पामर आणि कंपनी नावाची पेढी पुढे आली. ती पगारासाठी रक्कम देई, शेकडा चोवीसच्या घरात व्याज लावी आणि मुलखाचा महसूल तारण घेई. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने वाढवलेल्या मुलीचा नवरा या पेढीत भागीदार होता. खुद्द रसेलचाही तिच्यात छुपा भाग असल्याचा संशय होता. 1820 मध्ये त्याने जागा सोडली. त्याच्या मागून आलेल्या मेटकाफने वह्या उघडल्या तेव्हा बोभाटा झाला, आणि 1824 मध्ये पेढी बुडाली.

आता बघा, कर्ज कोणी घेतले? दिवाण चंदुलालने. (यात आपलेही लोक होते, हे लपवायचे कारण नाही. महसुलाची बोली घेणारे तालुकदार आणि त्यांना पैसा पुरवणारे सावकार इथलेच होते.) खर्च कोणी केला? रसेलच्या फौजेने. व्याज कोणी खाल्ले? पेढीने. आणि फेड? ती ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या कुणब्याकडून. त्याला कोणी विचारले नव्हते, त्याने कुठे अंगठा उठवला नव्हता.

पेढी बुडाली तरी फौज राहिली. तिचे नाव पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' झाले आणि थकबाकी वाढत गेली. 1800 च्या तहात शांततेच्या काळात अशी फौज पोसायचे बंधन निजामावर नव्हते. खुद्द लॉर्ड डलहौसीने ते मान्य केले होते. तरी 1853 मध्ये त्याने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतले. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची आहे आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा आहे, हे त्याला चांगले ठाऊक होते.

पुढचा भाग तर बँकेच्या मॅनेजरांनीही वाचावा. 1860 च्या तहात इंग्रजांनी निजामाचे सुमारे 50 लाखांचे देणे माफ केले. धाराशिव आणि रायचूर परत दिले. वऱ्हाड ठेवून घेतले. कर्ज माफ झाले, गहाण सुटले नाही! 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला. दुसऱ्याच वर्षी ती फौजही मोडली. जिच्या पगारासाठी मुलूख गहाण पडला ती फौज गेली, मुलूख काही परत आला नाही. मधल्या काळात वऱ्हाडाचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने बाहेर गेला, आणि 1899-1900 च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली.

स्वॅलोफील्डचा फ्लॅट विकला जातो तेव्हा घेणाऱ्याचा वकील टायटल तपासतो. ते स्वच्छ निघते. जुन्या मालकाच्या जमाखर्चात डोकावण्याची जबाबदारी कोणावर नाही. आम्ही तो वाडा मागत नाही. घामाच्या पैशाने तिथे दोन खोल्या घेणाऱ्या म्हाताऱ्याशी आमचे भांडण नाही. पण मग आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा नि बँकेचा जो बोजा आहे, त्याचे टायटल कोण तपासणार?

शेतकरी कर्जबुडवा आहे, लग्नात उडवतो, माफीची सवय लागली आहे, असे शहरातले विद्वान लिहितात. त्यांनी जमाखर्च मांडावा. 2018 मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या अहवालाने मांडला. 2000-01 ते 2016-17 या काळात सरकारी धोरणांमुळे भारतातल्या शेतकऱ्याची एकूण मिळकत दरसाल सरासरी सुमारे 14 टक्क्यांनी कमी झाली. निर्यातबंदी, साठ्यांवर मर्यादा, भाव चढला की आयात. 2025 चेच घ्या. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर केला, आणि 19 ऑगस्टला, बोंडे फुटायच्या तोंडावर, कापसाच्या आयातीवरचा 11 टक्के कर काढून टाकला. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादहीपासून वेचणीचा भर संपेपर्यंत. गिरणीला कापूस स्वस्त मिळावा म्हणून झालेला हा खर्च कोणाच्या खात्यावर पडला? सातबारा काढून बघा.

रसेलच्या फौजेचा पगार कुणब्याने दिला. आज गिरणीची सवलत आणि शहराच्या ताटातली स्वस्ताई तोच भरतो, आणि भरताना जे कमी पडते त्याला कर्ज म्हणतात. आम्ही याला माफी म्हणत नाही. माफी गुन्हेगाराला असते. आमची मागणी कर्जमुक्तीची आहे, आणि ती मागण्याआधी आम्ही हिशेब पुढे ठेवणार आहोत.

त्यासाठी जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने तीन कागद आणावेत : चालू सातबारा, बँकेचे किंवा सोसायटीचे पासबुक आणि गेल्या हंगामात कापूस-ज्वारी विकल्याच्या पट्ट्या. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी यांचा खर्च कोऱ्या कागदावर लिहून आणावा. घरच्या माणसांची, विशेषतः मायबहिणींची मजुरी सोडू नये, ती सगळे विसरतात. तालुकावार टेबले लावली जातील. दुपारी जेवणानंतर बेरजा होतील आणि त्या त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या आहेत.