आडनावाला येणारा वास

"तुमच्या खोलीतून कायचा वास येऊन राह्यला?"

वर्ध्यात शिकायला आलेल्या आपल्या पोरांपैकी ज्याला घरमालकाने हा प्रश्न विचारला नाही, असा पोरगा आम्हाला अजून भेटायचा आहे. गावाहून आईने डब्यात सुके झिंगे दिलेले असतात, पोराने रविवारी ते कांद्यावर परतलेले असतात आणि दहा मिनिटांत मालक जिन्यात उभा असतो. "आमच्या घरच्यायले वासच सहन होत नाही." पुढच्या महिन्यात खोली सोडावी लागते. जात कुणी विचारलेली नसते, कुणी सांगितलेली नसते. सगळं काम नाकाने उरकलेलं असतं.

या तिखट नाकाबद्दल आज बोलायचं आहे. आपले कार्यकर्ते २०१५च्या गोवंश हत्याबंदीवर तासभर बोलतात, 'काय खायचं हे तुम्ही कोण सांगणार' असं ठणकावून विचारतात. पण विषय वासाचा निघाला की तेच खाली बघतात. बंदीला उत्तर देता येतं. नाक मुरडण्याला काय उत्तर द्यायचं?

तिखट नाक ही मुळात वाईट गोष्ट नाही. माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. अशा ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४चं नोबेल मिळालं. आमच्या आया-मावश्यांना नोबेल ठाऊक नव्हतं, पण निंदणाला जाणारी बाई धुऱ्यावरूनच सांगायची, काल फवारा मारलाय, आज पऱ्हाटीत शिरू नका. सरकी खवट झाली, कडबा आतून कुजला, पाऊस पलीकडच्या शिवारात पडून गेला, हे तिला आधी कळायचं. हे ज्ञानच आहे, फक्त त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही. आणि ते पाळायची मुभा तर तिला कधीच नव्हती. २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, त्यांची नाकं काय बंद होती? नाक 'निघ' म्हणतं, मजुरी 'थांब' म्हणते.

नाक वास पकडतं. त्या वासाला घाण म्हणायचं की नाही, ते शिकवलं जातं. रांगतं मूल स्वतःच्या शीत हात घालून खेळतं. किळस त्याला मोठी माणसं लावतात. आपल्या देशात ही शिकवणी जातीने घेतली आहे. म्हणून गोमूत्र बाटलीत भरून दुकानात विकता येतं आणि त्याच गाईचं कातडं सोलणाऱ्याच्या सावलीलाही वास येतो. सडलेला पाय कापणारा सर्जन संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत बसतो, त्याच्या शेजारून कुणी उठत नाही. तोच पाय बादलीतून उचलून नेणारा वॉर्डातला सफाई कामगार पंगतीत आला तर? वास तोच, खोलीही तीच. आडनावं तेवढी वेगळी.

बाबासाहेबांनी १९४५च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात हे फार पूर्वी मांडून ठेवलं आहे. भारतात माणूस भंगी ठरतो तो कामावरून ठरत नाही, जन्मावरून ठरतो. ते काम तो करतो की नाही याने फरक पडत नाही, असा त्यांचा मुद्दा. हाच मुद्दा वासाला लावून बघा. प्राध्यापक झालेल्या, रोज दोनदा अंघोळ करणाऱ्या, महागडं अत्तर लावणाऱ्या आपल्या माणसाच्या खोलीतूनही 'कायचा तरी' वास येतोच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वर्ध्याएवढा वासाशी प्रयोग केलेला जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नसेल. गांधीजी मगनवाडीत असताना मीराबेन आणि इतर सहकारी जवळच्या सिंदी गावात सकाळी मैला उचलायला जात. नालवाडीत चर्मालय उभं राहिलं. पुढे विनोबा पवनारहून फावडं घेऊन सुरगावला रोज सफाईला जात. ही माणसं ढोंगी होती असं आम्ही म्हणणार नाही. रोज उठून दुसऱ्याचा मैला उचलणं हे भाषणापेक्षा अवघड असतं, आणि आपल्यातल्या कित्येक भाषणबहाद्दरांनी ते एक दिवसही केलेलं नाही.

पण झालं काय, ते बघा. विनोबांनी मैला उचलला आणि ते अधिक मोठे संत ठरले. मेहतराने पिढ्यान्‌पिढ्या उचलला आणि तो मेहतरच राहिला. विनोबांच्या अंगाचा वास धाम नदीच्या पाण्याने जात होता. मेहतराचा कुठल्याच नदीने गेला नाही. त्याच काळात, नोव्हेंबर १९३६च्या 'हरिजन'मध्ये, गांधीजींनी 'आदर्श भंगी' कसा असावा ते लिहिलं. त्याने काम नीट जाणावं, मैल्याची पारख ठेवावी, सेवा म्हणून करावं. म्हणजे ज्याच्या नाकाशी शतकानुशतकं मैला धरला, त्यालाच आता आणखी तरबेज नाक हवं! वासाला पावित्र्य चिकटवलं की तो सहन करणाऱ्याला 'मला हे नको' म्हणायची सोय उरत नाही. बाबासाहेबांचा राग होता तो याच गोष्टीवर.

तथागतांनी काय केलं? राजगृहातला सुनीत झाडूवाला रस्त्यावरची घाण उचलत होता. बुद्ध येताना दिसले तसा तो बिचारा कावड बाजूला करून भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिला. बुद्धांनी त्याच्या कामाचं कौतुक केलं नाही. स्वतः झाडू हातात घेऊन फोटोला उभं राहण्याचा तर प्रश्नच नव्हता. हे असलं जगणं सोडून संघात येशील का, असं त्यांनी विचारलं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा मुद्दाम घेतली आहे. ज्यांना सेवाग्राम आणि दीक्षाभूमी यांतलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय आहे, त्यांनी ती पुन्हा वाचावी.

आजचं बोलायचं तर गटाराचं बोलावं लागेल. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. स्वयंपाकघरातला जीव वाचावा म्हणून वास तयार केला जातो. गटारात उलट घडतं. तिथला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा येतो. पण प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास घ्यायची शक्तीच बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वायू निघून गेला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३चा कायदा आहे. २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाखांवर नेली. माणसं अजून उतरतातच. सुक्या झिंग्याचा वास जिन्यात ओळखणाऱ्या समाजाला हा वास मात्र येत नाही.

आणि ६ डिसेंबर. सेवाग्राम स्थानकावर पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या मुंबईच्या गाडीत चढतात तेव्हा आरक्षित डब्यातल्या रुमालांकडे लक्ष द्या. रेल्वेत गर्दी बाकीच्या जत्रांनाही होते. तेव्हा त्या रुमालांना 'भक्तीचा सागर' दिसतो.

हे सगळं लिहून झाल्यावर आपल्याकडेही बघावं लागतं, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. मटण शिजायला टाकलं की आपल्याच घरात खिडक्या लावून आधी अगरबत्ती कोण पेटवतं? प्लॉट घेताना 'त्या बाजूला नको, मेहतर वस्तीकडून वास येतो' हे वाक्य आम्ही विहाराच्या पायरीवर ऐकलं आहे, पंचशील म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत. बोलणारा कार्यकर्ता होता, चांगला होता, आणि आमच्यातल्या एकानेही त्याला टोकलं नाही. आम्हीही मान डोलावली. वास खरंच येत होता म्हणून नव्हे. त्या बाजूला उघडी नाली आहे आणि तिच्यावर झाकण टाका अशी मागणी आपण कधी केलेली नाही, एवढंच.

या महिन्यात दोन कामं करता येतील. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, जिथे असाल तिथल्या नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: चेंबर साफ करायची यंत्रं किती, वायू मोजायची साधनं किती, आणि कंत्राटी सफाई कामगारांचा हजेरीपट. त्यावरची आडनावं मोठ्याने वाचा. दुसरं काम त्या नालीचं. झाकणाच्या अर्जावर आम्ही सह्या गोळा करतो आहोत, पहिली सही त्या प्लॉटवाल्या कार्यकर्त्याची आहे.

जय भीम.