कर्जबुडवे कोण?



आम्ही पेरणीला कर्ज मागितले की सातबारा आणा, आठ-अ आणा, जामीनदार आणा! 1992 साली मुंबईच्या शेअर बाजारातल्या तेजीत काय मागितले? नुसती बँक पावती. 'सरकारी रोखे आमच्याकडे आहेत' एवढे लिहिलेला कागद. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने रोखे नसतानाच पावत्या फाडल्या. त्यांवर मोठ्या बँकांचा पैसा दलालांकडे गेला. बँकांचाच पैसा ओतून हर्षद मेहताने एसीसीचा शेअर 200 रुपयांवरून 9,000 च्या घरात नेला. सिमेंट तेच, कारखाने तेच! जानकीरामन समितीने घोटाळा 4,000 कोटींच्या वर मोजला. बँक ऑफ कराड बुडाली.

काळ्या मातीला जामीन, कोऱ्या कागदाला कोटी! आम्हाला कर्जबुडवे म्हणणाऱ्या साहेबाकडे आधी त्या पावत्यांचा हिशेब मागा.