सुई कुणाची, दोष कुणाला?

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट. सुनेला तिसरा महिना लागला म्हणून रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या केल्या. त्यात ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ आलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट, तांब्या वेगळा झाला. आठवड्याभरात तिला माहेरी पोचवलं. ‘तुमच्याकडूनच घेऊन आली,’ असं व्याह्यांना ऐकवलं ते वेगळंच. नवऱ्याचंही रक्त तपासा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मात्र कुणी केलं नाही. ‘त्याला काय झालंय? धडधाकट तर आहे!’ असं सासूबाईंचं म्हणणं.

धडधाकट तर सूनही होतीच की!

आपल्याकडे कावीळ म्हटली की पिवळे डोळे, उसाचा रस, गळ्यात माळ नाहीतर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती ‘उतरवणं’. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. (गरोदर बाईसाठी मात्र ‘ई’ फार घातक, तेव्हा तिथे माळेवर विसंबू नये.) ‘बी’ आणि ‘सी’ची जात वेगळी. या रक्तातून येतात, यकृतात मुक्काम ठोकतात आणि कितीतरी वर्षं काही कळू देत नाहीत. कळतं तेव्हा काहींचं यकृत निकामी झालेलं असतं, काहींना कर्करोग झालेला असतो.

रक्तातून म्हणजे कसं? दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, सिरिंजमधून. न तपासलेल्या रक्तातून. बाळंतपणात आईकडून बाळाला. शरीरसंबंधातून, ‘बी’च्या बाबतीत तर विशेष. एकाच वस्तऱ्यातून, दात घासायच्या एकाच ब्रशातून. जत्रेत एकाच सुईने दहा जणींना गोंदलं किंवा कान टोचले, तर त्यातूनही. ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, म्हणून वाळलेलं रक्तसुद्धा निरुपद्रवी समजू नये. मात्र एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा पोराचा पापा घेतल्याने हा आजार होत नाही. म्हणजे वेगळं ताट मांडून त्या घराने कशापासून बचाव केला? कशापासूनच नाही. एका गरोदर पोरीचं मन तेवढं मोडलं.

आता सुईचं. ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच’ हा हट्ट आपलाच असतो ना? गोळीने भागत असलं तरी सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही! २००९ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा भागात ‘बी’ काविळीची साथ आली आणि कितीतरी माणसं दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याचं तेव्हा उघड झालं. त्या माणसांची चूक एवढीच, की ती उपचाराला गेली होती.

दुसरा गैरसमज रिपोर्टचा. आज सुई टोचली, उद्या तपासलं, निगेटिव्ह आलं, सुटलो! असं नसतं. संसर्ग झाल्यावर ‘बी’ रक्तात दिसायला साधारण चार आठवडे लागतात. कुणाला एक, कुणाला नऊ. ‘सी’च्या नेहमीच्या तपासणीत प्रतिपिंडं दिसायला बहुधा आठ ते अकरा आठवडे जातात, क्वचित सहा महिनेही. थेट विषाणू शोधणारी महागडी तपासणी एक-दोन आठवड्यांत सांगते. मधल्या काळात रिपोर्ट स्वच्छ आणि रक्त मात्र बाधित, असं होऊ शकतं. म्हणून शंका असेल तर पुन्हा तपासायचं आणि तोवर रक्तदान करायचं नाही. दुसऱ्याची सुई टोचलीच, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘बी’ची लस चोवीस तासांत घेतली तर उपयोग होतो.

आणि पॉझिटिव्ह आलं तर? रिपोर्ट एवढंच सांगतो, की विषाणू आहे. तो कुणाकडून आला, केव्हा आला, हे सांगत नाही. कदाचित तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीच आला असेल. रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे घराघरांत ठणकावून सांगायला हवं.

त्यातून मार्गही आहे. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत लस आणि डॉक्टर सांगतील ते प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळालं, पुढचे डोस चुकवले नाहीत, तर बहुतेक बाळं वाचतात. हा संसर्ग तान्ह्या बाळाला झाला तर दहातल्या नऊ जणांना तो जन्माला पुरतो, म्हणून हे चोवीस तास मोलाचे. ‘सी’ला लस नाही, पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी सुई टोचून घेताना ‘नवीन आहे ना? माझ्यासमोर फोडा’ एवढं म्हणायला लाजू नका. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. आणि घरात कुणा सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तिचं ताट वेगळं मांडू नका. आधी लेकाला तपासणीला पाठवा.