विश्लेषण : मोटारीतल्या ‘बूफर’ने खिडक्या हादरतात, मग मीटरवर आकडा का चढत नाही?

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. गल्लीच्या तोंडाशी मोटार उभी, काचा बंद, आत गाणे सुरू. तिसऱ्या मजल्यावर गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण खिडकीची तावदाने थरथरतात आणि पाळण्यातले मूल दचकून उठते. ११२ वर फोन केला तर पोलीस येईपर्यंत मोटार निघून गेलेली असते. आणि ती तिथेच असली, तरी ‘आवाज मर्यादेबाहेर होता हे कशावरून?’ असा प्रश्न येतोच. गणेशोत्सवातील डीजेच्या भिंतींवर दरवर्षी चर्चा झडते, वर्षभर गल्लोगल्ली फिरणाऱ्या या छोट्या भिंतींवर फारशी होत नाही. प्रत्यक्षात रात्रीच्या तक्रारीसाठी नियमांनी डेसिबलच्या पुराव्याची अट घातलेलीच नाही.

नियमांत मोटारीतले संगीत बसते का?

‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’ हे पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली आले. त्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धक किंवा ‘इतर कोणताही ध्वनिस्रोत’ या मर्यादेच्या १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. खासगी जागेतील खासगी ध्वनियंत्रणेला हद्दीवर फक्त ५ डेसिबलची सूट आहे. ‘मोटार’ हा शब्द या तरतुदींत नाही. पण रस्त्यावर उभ्या मोटारीतला अँप आणि बूफर हा ध्वनिस्रोत नाही, असे म्हणायला जागाही नाही.

रात्री मीटर लागतो का?

ध्वनिवर्धक, ध्वनी निर्माण करणारे कोणतेही साधन, वाद्य किंवा अँप्लिफायर रात्री वापरण्यास नियम ५ नुसार मनाई आहे. अपवाद सभागृहासारख्या बंद जागेतील अंतर्गत वापराचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा. काचा खाली करून वाजणारी मोटार या अपवादात बसत नाही. काचा बंद असतील तर ‘बंद जागा’ असा युक्तिवाद होऊ शकतो, पण आवाज समोरच्या इमारतीत पोहोचत असेल तर तो ‘अंतर्गत वापर’ कसा, हे मोटारमालकालाच सांगावे लागेल.

नियम ७ तर आणखी स्पष्ट आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असेल ‘किंवा’ रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल, तर तक्रार करता येते. सगळा मुद्दा त्या ‘किंवा’मध्ये आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचेही तसेच. तिथे नियम ६ नुसार संगीत वाजवणे किंवा अँप्लिफायर वापरणे हाच गुन्हा आहे, डेसिबलचा उल्लेखही नाही. रुग्णालयाच्या फाटकासमोर दणदणाट करणाऱ्याला सोडून देताना ‘मीटर नाही’ हे कारण म्हणूनच चालू नये.

मीटर बेस का ‘ऐकत’ नाही?

दिवसा मात्र मीटरशिवाय गत्यंतर नाही, आणि खरी गोम तिथे आहे. नियमांतले सगळे आकडे ‘डेसिबल (ए)’ या मापात आहेत. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून हे माप मोजलेल्या आवाजातून खर्जाचा वाटा वजा करते. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल. बूफरचे काम नेमके याच पट्ट्यात चालते. म्हणजे खिडकीपाशी ५० हर्ट्झचा नुसता दणका प्रत्यक्षात ८५ डेसिबलचा असला, तरी मीटर ५५ दाखवणार. निवासी भागातील रात्रीच्या ४५ मध्ये सार्वजनिक जागेची १० डेसिबलची सूट मिळवली की होतात ५५. दिवसाची मर्यादा तर त्याहून सैल. खिडकी हादरते आहे, आणि कागदावर सगळे नियमात!

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट, ३० डेसिबलची म्हणजे हजारपट. मीटर जे ‘वजा’ करतो, ते किरकोळ नाही.

काचा लावल्याने गाण्यातले तीव्र स्वर बऱ्यापैकी आतच अडतात. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र जवळपास ७ मीटर असते. पातळ पत्रा, काच, घराची खिडकी यांना ती फारशी जुमानत नाही. शब्द गाडीत राहतात, दणका घरात येतो तो यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही खर्जाचे प्रमाण जास्त असेल तिथे ‘ए’ माप योग्य नसल्याचे म्हटले आहे. खर्ज जवळजवळ जसाच्या तसा मोजणारे ‘सी’ माप बहुतेक व्यावसायिक ध्वनिमापकांत असतेच. बटण आहे, ते दाबण्याची तरतूद नियमांत नाही.

मोटार वाहन कायद्याने काय साधते?

फार नाही. विनाकारण हॉर्न वाजवणे किंवा सायलेन्सर टाळून धूर सोडणे यासाठी कलम १९४ फ मध्ये पहिल्यांदा १ हजार आणि नंतर २ हजार रुपये दंड आहे. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये आता सवयीची झाली आहेत. पण या कलमात संगीत नाही. पीयूसी चाचणीत धूर तपासतात, आवाज नाही.

इतरत्र काय?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने मीटरचा नादच सोडला. मोटारीतले संगीत २५ फुटांवरून स्पष्ट ऐकू आले, तर पोलीस दंड करू शकतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद रद्द केली, कारण व्यावसायिक आणि राजकीय प्रचाराच्या वाहनांना त्यातून सूट होती. अशी सूट आपल्याकडे कोणाला मिळाली असती, हे वेगळे सांगायला नको. २०२२ मध्ये तिथे २५ फुटांचा नियम नव्या रूपात परत आला. कानावर विसंबण्यात पोलिसांच्या मर्जीचा धोका आहेच. तरी दिवसा धावत्या किंवा थोडा वेळ थांबलेल्या मोटारीसाठी अंतराचा निकष आणि रुग्णालयांच्या आसपास ‘सी’ माप, एवढा बदल नियमांत व्हायलाच हवा.

तक्रार कशी करावी?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितले, की तक्रारदाराची ओळख पटवण्याचा आग्रह न धरता कारवाई करावी. आधी समज, मग दंड, तरीही ऐकले नाही तर यंत्रणा जप्त, असा क्रमही घालून दिला. पर्यावरण कायद्याखालील शिक्षाही १ एप्रिल २०२४ पासून बदलली आहे. तुरुंगवासाऐवजी आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३८ नुसार आसपासच्या रहिवाशांना त्रास देणारे संगीत बंद करण्याचा लेखी आदेश वरिष्ठ पोलीस अधिकारी देऊ शकतात.

११२ वर फोन करताना ‘आवाज खूप आहे’ एवढेच न सांगता ‘रात्री दहानंतर रस्त्यावर अँप्लिफायर सुरू आहे’ असे सांगावे, कारण नियमाची भाषा तीच आहे. वेळ, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा. पोलीस पोहोचेपर्यंत मोटार निघून गेली, तरी मालक कोण हे त्या क्रमांकावरून कळते.