कोळंबीचं वन-रूम-किचन

जागेचा प्रॉब्लेम फक्त मुंबईतल्या माणसांनाच असतो असं वाटत असेल, तर एकदा कयाकवर बसून बघा! बारा फुटी प्लॅस्टिकची होडी, त्यात आपण, वल्हं, दोन रॉड, पाण्याची बाटली. आणि याच जागेत वीसेक कोळंब्यांना भाडेकरू ठेवायचं. तेही जिवंत!

कशाला एवढा खटाटोप? जिताड्यासाठी, बॉस! रायगडच्या खाड्यांतला हा राजा हलत्या भक्ष्यावर झडप घालतो. कोळीवाड्यातले आमचे काका म्हणतात, ‘‘मेलेली कोळंबी कालवणाला, जिती गळाला.’’ पण बादलीतलं पाणी उन्हात तापतं, ऑक्सिजन कमी होतो, अमोनिया साचतो. म्हणजे पाणी वाहतं हवं.

माझी टाकी म्हणजे वीस लिटरचा गोल, झाकणाचा डबा. सीटच्या मागे पट्ट्यांनी घट्ट आवळलेला. बोटीत साचलेलं पाणी उपसायचा छोटा १२ व्होल्टचा पंप कयाकच्या निचऱ्याच्या भोकात बसवला, त्यामुळे ड्रिल लावायची भानगडच नाही. पाऊण इंची नळीतून पाणी वरून फवाऱ्यासारखं पडतं. पडताना हवा मिसळते आणि पंप थांबला तरी टाकी उलटी रिकामी होत नाही. पंधरा लिटरच्या खुणेला बाहेर जायचा पाइप मात्र दीड इंची. येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्याला वाट मोठी हवी, नाहीतर पाठीवर धबधबा! पाइपाच्या तोंडाला जाळी आणि आत नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, कोळंबीला धरून बसायला. गर्दी फार केली तर नुकती कात टाकलेली मऊ कोळंबी शेजाऱ्यांच्या नाश्त्याला जाते. विरार लोकलमध्ये निदान एवढं तरी होत नाही.

बॅटरी ७ अँपिअर-अवरची. पंप दोन अँपिअर खात असेल तर साडेतीन तासांत खेळ खल्लास. त्यावर उपाय टायमर : एक मिनिट चालू, दोन मिनिटं बंद. कागदावर दहा तास!

आता सीरियस मुद्दा. पंधरा लिटर म्हणजे पंधरा किलो, तेही पाठीमागे. अर्धवट भरलेली टाकी तर जास्त वाईट. कयाक कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. उधाणाच्या ओहोटीला रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी हा प्रयोग नको. टाकी एकतर खुणेपर्यंत भरलेली, नाहीतर पूर्ण रिकामी. पहिली ट्रायल कमरेइतक्या पाण्यात, मुद्दाम उलटून, परत चढून. लाइफ जॅकेटशिवाय घरातून एनओसी मिळत नाही आणि ते बरोबरच आहे.

आणि हो, जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोत मिरवावा असा धिप्पाड मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी. तिचा पटकन एक फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायची. कालवणाला मधल्या साइजचा एक पुरतो की!

उरलेल्या कोळंब्या? त्यांनाही खाडीत सोडायचं. करार संपला, डिपॉझिट परत!