जर-तरची सोय

'असे झाले असते तर?' हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना चाटून गेलेली एक गोळी इतिहासाची दिशा पालटते. लोराँ बिने या फ्रेंच लेखकाची 'सिव्हिलिझेशन्स' (२०१९) ही कादंबरी हाच डाव मोठ्या पटावर मांडते. नॉर्स दर्यावर्दी अमेरिकेत दक्षिणेकडे उतरतात, घोडे, लोखंड व रोगप्रतिकारशक्ती मागे ठेवतात; पुढे कोलंबस फसतो आणि आताउआल्पाच युरोप जिंकतो. कादंबरी म्हणून ती रंजक आहे. आमचा आक्षेप आहे तो तिच्यामागील गृहीतकाला : संपर्क आधी घडला असता, तर वसाहतवाद टळला असता.

संपर्क तर आधी घडलाच होता. न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे नॉर्स लोकांनी १०२१ साली झाडे तोडली होती, हे लाकडाच्या वर्षवलयांवरून सिद्ध झाले आहे. त्यांना तेथे पाय रोवता आले नाहीत; स्थानिकांशी झालेल्या चकमकी त्यांच्याच सागांमध्ये नोंदलेल्या आहेत. शिवाय देवी-गोवराची प्रतिकारशक्ती ही काही वडिलोपार्जित ठेव नव्हे. ती आजारातून उठलेल्याच्या देहात राहते. रोगाचा फेरा थांबला की पुढची पिढी पुन्हा निराधार होते.

घोड्यांसाठीही पाच शतकांची उसनवारी लागत नाही. चिलीतील मापुचे लोकांनी शत्रूचाच घोडा काही दशकांत आपलासा केला. १६४१च्या किलिन येथील तहात स्पेनला बिओबिओ नदीच्या दक्षिणेचे त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. त्यांचा प्रदेश अखेर गिळला तो १८८०च्या दशकात, चिलीच्या प्रजासत्ताकाने.

१५२०च्या देवीच्या साथीने तेनोच्तित्लानमध्ये अगणित माणसे मेली, हे आम्ही नाकारत नाही. पण एन्कोमिएन्दा ही वेठबिगारीची व्यवस्था कोणत्या जंतूने आणली? तिला आवर घालण्यासाठी स्पेनच्या राजाने १५४२मध्ये कायदे केले, तेव्हा पेरूतील वसाहतवाल्यांनी बंड पुकारले आणि १५४६मध्ये राजाच्या व्हाइसरॉयलाच ठार केले. हा निसर्गाचा अपघात नव्हता. माणसांनी हिशेब करून केलेली निवड होती.

पर्यायी इतिहासाची ही लाडकी तऱ्हा पराभूतांच्या उणिवा मोजते आणि जेत्यांना निर्दोष सोडते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तिला भुलू नये. जर-तर विचारायचेच असेल, तर असे विचारावे : १५४२चे कायदे पाळले गेले असते तर? या प्रश्नाला घोडे लागत नाहीत, लोखंड लागत नाही. उत्तरदायी माणसे मात्र लागतात.